कच्ची वही

हे लिहायचं मी वीसहून जास्त वर्षं टाळलं. कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग निवृत्तीची कागदपत्रं, मग गुडघे, मग बायकोचं आजारपण. तिला मी एवढंच सांगितलं होतं की एका विद्यार्थिनीच्या बाबतीत माझी चूक झाली. ती चूक नव्हती. मी खोटं बोललो होतो, आणि खोटं बोलतोय हे मला बोलतानाच माहीत होतं. आज बहात्तराव्या वर्षी नोंद दुरुस्त करायची, तर सुरुवात या वाक्यापासून व्हायला हवी.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर मला एक नवाच मान मिळू लागला. जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांत अधूनमधून 'वाङ्मयचौर्य : ओळख आणि प्रतिबंध' अशी कार्यशाळा भरते, आणि तिथे बोलायला मला बोलावतात. का, तर मी नोकरीत कडक होतो. नक्कल पकडणारा मास्तर, अशी माझी ख्याती. ती कशी झाली ते पुढे येईलच.

या कार्यशाळांची मला अलीकडे चीड येते. त्या मुलांसाठी नसतात, मूल्यांकन समितीच्या फाइलसाठी असतात. शाल, नारळ, दीपप्रज्वलन, हजेरीचा कागद आणि फोटो. गेल्या वर्षी एका ठिकाणी मुलांना उभं करून शपथ दिली. एक प्राध्यापक कागद वाचत होते आणि मुलं मागून म्हणत होती. 'मी दुसऱ्याचे श्रम स्वतःचे म्हणून दाखवणार नाही' इथपर्यंत ठीक चाललं. पुढच्या ओळीत 'या महाविद्यालयाचा विद्यार्थी या नात्याने' म्हणून जे नाव आलं, ते नगरकडच्या भलत्याच महाविद्यालयाचं. शपथच कुठून तरी उतरवून आणलेली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमची बदली झाली का काय?" सगळे हसले. प्राचार्य माझ्याकडे वाकून म्हणाले, "जाऊ द्या सर, फोटोत काय ऐकू येत नाही."

भाषणानंतर प्रश्नोत्तरं असतात. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, दहा टक्क्यांपर्यंत उचललेलं चालतं ना?"

मी त्या दिवशी वैतागलेलोच होतो. म्हटलं, "शेजाऱ्याच्या वावरातला दहा टक्के कांदा उचललास तर चालेल का रे?"

"नाय सर. शेजारी मोजतोय." पोरगा अजिबात न लाजता म्हणाला. "प्रकल्प कोण वाचतंय?"

त्याचं बरोबर होतं. आम्ही दरवर्षी तेच विषय देतो. ओढ्याचं प्रदूषण, प्लॅस्टिकचे दुष्परिणाम, माझं गाव. साठ प्रकल्प एका दुपारी तपासतो. जाडी बघतो, मुखपृष्ठ बघतो, शेवटच्या पानावर सही ठोकतो. पूर्वी पोरं जुने प्रकल्प उतरवायची, मग नेटवरून उचलायला लागली, आता मोबाइलला सांगितलं की तोच लिहून देतो. पकडायला यंत्र आलंय, ते मराठीपुढे गोंधळतं. पोरांनी काय करावं अशी आमची अपेक्षा आहे? पहिलीपासून फळ्यावरचं उतरवून घ्यायला शिकवलं, दहावीला गाइडमधलं पाठ करायला लावलं. महाविद्यालयात आल्यावर मी स्वतः त्यांना ज्या नोट्स सांगायचो, त्या माझ्या सरांनी मला सांगितलेल्या होत्या, त्यांच्या उदाहरणांसकट. त्यांचं नाव मी वर्गात कधी घेतलं नाही. मग वयाच्या विसाव्या वर्षी एके दिवशी आम्ही मुलांना सांगतो, आता स्वतःच्या शब्दांत लिहा, नाहीतर चोर ठराल.

असो. त्याच कार्यशाळेत तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "सर, कच्चं काम दाखवलं तर तो पुरावा धरतात का?"

"कच्चं काम म्हणजे?"

"रोजची वही. आई मला रोज तारीख टाकून सही करायला लावते. ती म्हणते, पक्कं लिहिलेलं कुणालाही दे, पण कच्ची वही घराबाहेर काढायची नाही. सरांनी मागितली तरी नाही."

शेवटच्या वाक्याला पोरं हसली. मी विचारलं, "कुठली गं तू?"

"आणे गावची, सर. आई तुमच्याच हाताखाली शिकलीय. आता अंगणवाडीत आहे. तिनं नमस्कार सांगितलाय तुम्हाला."

मी पाणी प्यायलो. पुढच्या प्रश्नांना काय उत्तरं दिली, आठवत नाही.

तिची आई आमच्या वर्गात होती तेव्हा रोज आण्याच्या पठारावरून एसटीनं यायची. आण्याचं बौद्ध घर, थोडी जिरायत, वडील एका कार्यालयात शिपाई. अंगानं बारीक, बोलणं कमी. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असायचा आणि आम्ही विषयांची यादी लावायचो. ती यादी वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, यातलं आमच्या गावात काहीच नाही. मी कांदा चाळींवर करू का?"

उन्हाळी कांदा काढला की आमच्याकडे तो चाळीत, म्हणजे जाळीच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात, भाव येईल तसा दिवाळीपर्यंत काढतात. मधल्या काळात किती सडतो, हे प्रत्येकाला अंदाजानं माहीत असतं, मोजलेलं कुणी नसतं. तिनं मोजलं. गावातल्या अकरा चाळी तिनं धरल्या. दर रविवारी बायका सडका कांदा निवडून बाहेर काढायच्या, ती तो क्रेटमध्ये भरून काट्यावर धरायची आणि वहीत लिहायची. पावसाळाभर. कुठली चाळ कोणत्या तोंडाची, कुणाची उंचावर, कुणाची खोलगट जागेत, सगळं. सप्टेंबरात तिनं मला ती वही दाखवली. पानांना कांद्याचा वास येत होता. पठाराच्या कडेला, जिथं पश्चिमेचा वारा आडवा आरपार जातो, तिथल्या चाळींत सड कमी. खोलगटातल्या चाळींत जास्त. पदवीच्या मुलीनं एवढं स्वतः शोधून काढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं पाहिलं नाही. मला खरंच आनंद झाला. मी लाल पेनानं पहिल्या पानावर शेरा मारला आणि खाली सही केली.

त्याच वर्गात एक मुलगा होता, पारगावच्या बाजूच्या बागायती गावचा. तालेवार घर, चुलते आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर. पोरगा वाईट नव्हता. कबड्डीत चांगला, वर्गात कमी. चुलत्यांनी मला दोनदा हसत हसत सांगितलं होतं, "सर, आमच्या पैलवानाला प्रकल्पाचं जरा मार्गदर्शन करा." येत्या जूनला विभागप्रमुख नेमायचा होता आणि माझं नाव चर्चेत होतं. मी तिला बोलावलं आणि म्हणालो, "तुझी वही त्याला चार दिवस दे. नमुना म्हणून बघू दे."

तिनं विचारलं, "कच्ची, सर?"

"हो, कच्चीच. त्यातूनच कळतं काम कसं करायचं ते."

आमच्याकडे कुणी वही मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. एसटी चुकते, तास बुडतात, सगळी पोरं एकमेकांच्या वह्यांवर शिकतात. आणि इथे तर सरांनी सांगितलेलं. तिनं दिली. चार दिवसांची वही परत यायला परीक्षा उलटून गेली. पण तिच्याकडे आकडे आणि टिपणं दुसऱ्या कागदांवर होती, त्यावरून तिनं प्रकल्प हातानं लिहून काढला. मोत्यासारखं अक्षर, शिसपेन्सिलीनं आखलेली कोष्टकं, दोऱ्यानं शिवलेली पानं.

मार्चमध्ये तोंडी परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. प्रकल्प चाळता चाळता त्यांनी दोन बाजूला काढले आणि माझ्यासमोर ठेवले. एक तिचा, हातानं लिहिलेला. दुसरा त्या मुलाचा, स्टँडजवळच्या दुकानातून टाइप करून आणलेला, स्पायरल केलेला, वर प्लॅस्टिकचं पारदर्शक पान. आतला मजकूर तोच, अकरा चाळीही त्याच, फक्त गावाचं नाव वेगळं.

"यातलं मूळ कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी क्षणभरही न थांबता टाइप केलेल्यावर हात ठेवला. हा ठरवून केलेला डाव नव्हता; हात आधी गेला, तिची वही मागून आठवली. ही आमच्या डोळ्यांची सवय होती. हातानं उतरवतात ती नक्कल आणि छापलेलं असतं ते अस्सल, असं आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्या काळी टाइप केलेला प्रकल्प म्हणजे अप्रूप. मी जात पाहिली नाही असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण टाइप केलेला प्रकल्प कोणत्या घरातून येतो आणि शिसपेन्सिलीनं आखलेला कोणत्या, हे त्या क्षणी माझ्या हाताला माहीत होतं. हे आज लिहून ठेवतो.

दोघांना आत बोलावलं. मुलगा खाली बघत उभा राहिला. ती सरळ बघत होती.

परीक्षक म्हणाले, "बाई, ही उतरवाउतरवी कशाला केली?"

"मी नाही केली सर. वही माझी आहे. सरांनीच त्याला द्यायला सांगितली होती."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं आठवत होतं. माझे शब्द, तिचा 'कच्ची, सर?' हा प्रश्न, लाल पेनाचा शेरा. आठवलं नाही असं मी सहकाऱ्यांना सांगितलं, कधी कधी स्वतःलाही. आठवत होतं. मी म्हणालो, "मी असं काही सांगितलेलं नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "मग सर, त्याला एवढंच विचारा, आठव्या आठवड्याचं वजन का नाही?"

दोन्ही प्रकल्पांच्या कोष्टकात आठव्या आठवड्याचा रकाना कोरा होता. एक प्रश्न. तो विचारला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मी म्हणालो, "परीक्षा आम्ही घेतोय, तू नाही."

तिला प्रकल्पात नापास केलं. वर, पुढे त्रास नको म्हणून, मी तिच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं. 'माझ्याकडून अनवधानाने दुसऱ्याच्या प्रकल्पाची नक्कल झाली. पुन्हा असे होणार नाही.' मजकूर मी सांगितला, अक्षर तिचं. अख्ख्या वर्गासमोर तिनं ते मला दिलं. जूनमध्ये मी विभागप्रमुख झालो, आणि नक्कल पकडणारा मास्तर म्हणून नावारूपालाही आलो. तिनं पुढच्या वर्षी दुसरा विषय घेऊन प्रकल्प दिला, यादीतला, ओढ्याचं प्रदूषण. पास झाली. पुण्याला एम.ए. करायचं म्हणायची, ते झालं नाही. का झालं नाही, हे मी विचारलं नाही.

निवृत्तीच्या आधी विभागातलं कपाट रिकामं करताना ते दोन प्रकल्प पुन्हा हाती लागले. रद्दीत टाकण्याआधी मी खुर्चीत बसून दोन्ही पहिल्यांदा पूर्ण वाचले. हो, पहिल्यांदाच. मुलाच्या प्रकल्पात पहिल्या पानावर त्याच्या गावाचं नाव, आणि नवव्या पानावर 'पठाराच्या कडेवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे' असं वाक्य. त्याच्या गावात कसलं पठार? कालव्याच्या काठचं सपाट गाव, चहूकडे पुरुषभर ऊस, वाऱ्याला शिरायला जागा नाही. मी तिथून शंभरदा गेलो होतो. भूगोलाचा मास्तर मी! तिच्या प्रकल्पात कोऱ्या रकान्याखाली बारीक अक्षरात तळटीप होती, 'या रविवारी आजी वारल्यामुळे वजन केले नाही.' त्याच्यात रकाना कोरा, टीप नाही.

ते दोन्ही प्रकल्प मी रद्दीत जाऊ दिले. माफीपत्र मात्र ठेवलं.

तो मुलगा मला नंतर एका लग्नात भेटला. आता मोठं शेती औषधांचं दुकान आहे, पोट सुटलंय. पंगतीतून उठून पाया पडला. "सर, तुमच्या कांद्यानं तारलं राव मला."

मी धीर करून विचारलं, "तू ती वही जशीच्या तशी कशी काय टाइप करायला दिलीस रे?"

तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "म्हंजी? तुमीच दिली व्हती की. सरांनी वही दिली म्हंजी उतरवायचीच आसंल, आसं मला वाटलं. टायपिंगवाला म्हनला, गावाचं नाव बदलू का? म्हनलं बदल." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "ती पोरगी उगंच अडकली पन. मला बोलायला पायजे व्हतं. चुलत्याची भीती वाटली."

त्याला चोर म्हणावं तर त्याला चोरी म्हणजे काय हेच कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी त्याला नमुना बघ म्हणालो, बघून काय करायचं ते सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी काय केलंस हेही विचारलं नाही. पुढे मी कार्यशाळेत घसा ताणून सांगायचो, प्रकल्पाचा विषय मुलाच्या गावातला, घरातला द्या, कच्ची वही महिन्याला बघा, तोंडी परीक्षेत त्यानं हातानं केलेल्या कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारा. सगळे माना डोलावायचे. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "सर, एवढे मुद्दे पीपीटीत टाकून मेल कराल का? आम्हाला अहवालात जोडायचेत."

ती मुलगी भेटली त्या कार्यशाळेनंतर तीन आठवड्यांनी मी आण्याला गेलो. माफीपत्र खिशात होतं. ठरवलं होतं, ते तिच्या हातात परत द्यायचं आणि तिच्या घरच्यांसमोर खरं सांगायचं. ओतूरला एसटीत बसलो, आळेफाटा गेला, घाट चढून गाडी पठारावर आली आणि उघड्या खिडकीतून वारा आडवा तोंडावर बसला.

अंगणवाडी सुटली होती. ती घरीच भेटली. केसांत पांढरं आलंय, चष्मा आलाय. माहेर-सासर एकाच गावात, त्यामुळे म्हातारी आई लेकीकडेच असते. मी गेलो तेव्हा म्हातारी ओट्यावर बसून कांदा निवडत होती.

"सर! कळवायचं तरी," असं म्हणून तिनं खुर्ची पुसली.

म्हातारीनं हातातला कांदा खाली ठेवला. "ह्येच व्हय ते मास्तर? बसा. आमच्या पोरीनं चोरी केली ती तुमच्याकडंच ना?"

"आई, गप बस गं."

"गप कशाला? न्हाई लिवून दिलं व्हतं त्वां? तुजा बा म्हनला, चोरी करून शिकाया पुन्याला कशाला जायाचं, हितंच ऱ्हा. आमी अडानी मानसं, मास्तर. पन लिवून दिलं म्हंजी केलंच आसंल की न्हाई?"

एम.ए. का झालं नाही, ते मला तिथे, त्या ओट्यावर कळलं. तिचे वडील आठ वर्षांपूर्वी गेले. तेही हेच समजून गेले.

लेक चहा घेऊन आली. कार्यशाळेतली तीच मुलगी. कपबश्या ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिची आई आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक वही घेऊन आली. कडा झिजलेल्या, पुठ्ठा सुटलेला. मी ओळखली.

"परीक्षा झाल्यावर त्यानं आणून दिली होती," ती म्हणाली. पहिलं पान उघडून तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. "सही तुमचीच ना, सर?"

लाल शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती. 'काम उत्तम. निरीक्षणे स्वतःची आहेत.' त्याखाली माझी सही. सहीखाली दुसरी ओळ, 'ही वही नमुना म्हणून द्यावी,' आणि पुढे त्या मुलाचं नाव. मग पुन्हा माझी सही. दुसरी ओळ मी लिहिली होती हे मी विसरलो होतो. एवढंच काय ते मी खरोखर विसरलो होतो. म्हणजे तिच्याकडे इतकी वर्षं माझ्याच अक्षरातला पुरावा होता. वही प्राचार्यांकडे नेली असती तर माझी नोकरी गेली असती. तिनं ती पेटीत ठेवली.

"हो," मी म्हणालो. "माझीच."

"सही कशाची, मास्तर?" म्हातारीनं विचारलं. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय त्यात?"

तिघीही माझ्याकडे बघत होत्या. माझी विद्यार्थिनी मला वेळ देत होती, हे मला आता कळतं. मी चष्मा लावला, वही हातात घेतली आणि मोठ्यानं वाचलं, "काम उत्तम. निरीक्षणे स्वतःची आहेत." आणि थांबलो.

"मंग?" म्हातारी म्हणाली. "उत्तम व्हतं तर लिवून का घेतलं तुमी?"

खिशावर माझा हात गेला. कागद बोटांना लागला. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "तीनची एसटी आहे मला."

"सरांना उशीर व्हईल, आई," ती म्हणाली. माझ्या हातातून वही घेऊन तिनं पदरानं पुसली आणि आत ठेवायला गेली. तिनं मला त्या वेळीही वाचवलं. बाहेर आली तेव्हा माझ्या हातात अर्धा किलो कांद्याची पिशवी दिली. "घरच्या चाळीतला आहे. सडायचा नाही."

तिची लेक मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तेव्हा ती म्हणाली, "सर, खालची ओळ मी वाचलीय. लहानपणीच."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिला काय म्हणालो? "अभ्यास कर," असं म्हणालो.

तेव्हापासून दोनदा आण्याला जायला निघालो आणि आळेफाट्यावर उतरून परतलो. कार्यशाळांची निमंत्रणं येतात, ती मी आता घेत नाही. म्हातारी थकली आहे, गेल्या महिन्यात दवाखान्यात होती, असं कळलं. तिला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिलेलं तिच्या काही उपयोगाचं नाही. माफीपत्र टेबलाच्या खणात आहे. त्या दिवशी एसटीत मी चार वाक्यं पाठ केली होती. ओतूरपासून घाटापर्यंत मनातल्या मनात म्हणत गेलो, आणि ओट्यावर त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. ती अशी होती.

आजी, तुमच्या लेकीनं चोरी केली नव्हती. वही मीच द्यायला लावली होती. विचारल्यावर मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. पोरी, मला माफ कर.